अवघड पाठीच्या घोड्याला परवडणारं खोगीर कसं शोधाल?

माझ्या घोडीच्या पाठीवर डाव्या बाजूला जुन्या आठ आण्याच्या नाण्याएवढा पांढरा ठिपका आहे. घोडी तांबड्या रंगाची आहे आणि तो ठिपका जन्माचा नाही. पहिल्या वर्षी मी तिच्यावर घातलेल्या खोगिराने तो केला. एकाच जागी सतत दाब पडला की केसांची मुळं दुखावतात आणि पुढे तिथे पांढरेच केस उगवतात. ते पुन्हा तांबडे होत नाहीत. विकणाऱ्याने "हे सगळ्या घोड्यांना बसतं" असं सांगितलं होतं आणि मी ते खरं मानलं. नागपुरात आता बरेच जण हौसेने पहिला घोडा घेतात, काटोल रोडला किंवा हिंगण्याकडे शेतावर ठेवतात, आणि घोड्यापाठोपाठ लगेच खोगीर घ्यायला धावतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सगळ्या घोड्यांना बसणारं खोगीर नसतं. आधी पाठ मोजायची, मग खोगीर शोधायचं. हा क्रम सांभाळला तर कमी पैशात काम होतं. उलटा केला तर दोन-तीन खोगिरं विकत घेऊनही घोडा दुखराच राहतो.

पाठ ओळखा

मान संपते आणि पाठ सुरू होते तिथला हाडाचा उंचवटा म्हणजे विदर्स. मारवाडी, काठियावाडी आणि रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड यांचे विदर्स बहुधा उंच आणि अरुंद असतात. घोडा कामावरून उतरलेला किंवा खंगलेला असेल तर विदर्सच्या मागे दोन्ही बाजूंना खळगे पडलेले दिसतात. साधं खोगीर तिथे पुढून खाली बसतं आणि त्याची कमान थेट हाडावर टेकते. गोल पाठीच्या टट्टूचं उलट असतं. त्याला विदर्स जवळजवळ नसतातच, त्यामुळे खोगीर पोटाखाली घसरू पाहतं. काहींची पाठ मध्येच खचलेली असते. काहींचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा भरलेला असतो, आणि हे आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त घोड्यांत असतं.

घोडा सपाट जागी, फरशीवर किंवा टणक जमिनीवर, चारही पाय चौकोनात ठेवून उभा करा. त्याच्या मागे जरा अंतरावर स्टूल ठेवा आणि कोणाला तरी घोडा धरायला सांगून वरून त्याचे खांदे पाहा. डावा-उजवा फरक असेल तर तो इथे दिसतो. मग हाताची बोटं एकत्र करून विदर्सपासून कमरेपर्यंत कण्याच्या दोन्ही बाजूंना हळूहळू दाबत जा. कातडी थरथरली, कान मागे गेले किंवा घोडा पाठ खाली घालून दाबापासून निसटू लागला, तर खोगिराचा विचार बाजूला ठेवा. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या चिकित्सालयात किंवा तुमच्या नेहमीच्या पशुवैद्याकडे आधी पाठ दाखवा. सुजलेल्या पाठीचं माप घेऊन खोगीर घेतलं तर सूज उतरल्यावर ते खोटं ठरतं.

खोगिराची हद्द आखा

खोगिराला घोड्याच्या पाठीवर ठरावीक जागा आहे. तिच्या पुढेही जायचं नाही आणि मागेही.

पुढची हद्द म्हणजे खांद्याचं पातं. हाताने चाचपलं की त्याची मागची कड लागते. त्या कडेवर खडूने रेघ मारा आणि कोणाला तरी पुढचा पाय उचलून पुढे ताणायला सांगा. पातं तुमच्या रेघेच्या मागे सरकताना दिसेल. घोडा प्रत्येक पावलाला हेच करतो. म्हणून खोगिराच्या सांगाड्याची पुढची टोकं पात्याच्या दोन-तीन बोटं मागे यायला हवीत, नाहीतर पातं प्रत्येक पावलाला त्यांवर आदळतं. नवखे लोक खोगीर पुढे सरकवून बसवतात आणि घोडा पाऊल आखूड टाकतो म्हणून त्यालाच आळशी ठरवतात. माझ्या घोडीलाही मी वर्षभर आळशी म्हणत होते.

मागची हद्द म्हणजे शेवटची बरगडी. घोड्याला बरगड्यांच्या अठरा जोड्या असतात. शेवटची बरगडी बोटांनी शोधा आणि ती जशी पुढे वळत वर जाते तशी तिच्या मागोमाग बोट फिरवत कण्यापर्यंत या. तिथे दुसरी रेघ. त्यामागे कमरेचा भाग सुरू होतो आणि तिथे वजन ठेवायचं नसतं. या दोन रेघांमधली लांबी टेपने मोजून लिहून ठेवा. मारवाडी-काठियावाडी घोड्यांची पाठ बऱ्याचदा आखूड असते आणि मांड्या लांब असलेल्या मालकाला मोठी बैठक हवी असते. इथे घोड्याचं माप आधी पाहायचं, स्वाराचं नंतर. स्वाराला बैठक थोडी आखडती वाटली तरी चालते. बैठकीचं माप इंचांत असतं, पुढच्या खिळ्यापासून मागच्या कडेच्या मध्यापर्यंत. मोठ्यांसाठी साधारण सोळा ते अठरा इंचांचं खोगीर मिळतं.

पुठ्ठ्यावर पाठ उतरवा

सगळ्यात जास्त वेळ या कामाला द्या, कारण पुढची खरेदी यावरच होणार आहे.

सीताबर्डीत ड्रॉइंगचं सामान मिळणाऱ्या दुकानात फ्लेक्सिबल कर्व्ह मागा. इंजिनिअरिंगची मुलं वापरतात ती, वाकवली की तशीच राहणारी रबरी पट्टी. साठ सेंटिमीटरची घ्या, छोटी पुरत नाही. ती मिळाली नाही तर इलेक्ट्रिकच्या दुकानातली अर्थिंगची जाड तांब्याची तार चालते, फक्त उचलताना जपावं लागतं.

खांद्याच्या रेघेच्या तीन बोटं मागे पट्टी पाठीवर आडवी टाका आणि दोन्ही बाजूंना तळहाताने दाबून बसवा. अलगद उचला, पुठ्ठ्यावर ठेवा आणि आतल्या बाजूने पेन्सिल फिरवा. डावी-उजवी बाजू लगेच लिहा, नंतर आठवत नाही. दुसरं माप तिथून एक वीत मागे, तिसरं शेवटच्या बरगडीजवळ. चौथं माप उभं घ्यायचं, कण्याच्या बाजूने, विदर्सपासून शेवटच्या बरगडीपर्यंत. पाठ सपाट आहे की झोळीसारखी हे त्यातून कळतं. प्रत्येक माप दोनदा घ्या. दोन्ही जुळले नाहीत तर घोडा हलला होता किंवा त्याने मान वर केली होती. मान नेहमीच्या उंचीवर असतानाचंच माप खरं.

पुठ्ठा कापा आणि पुन्हा घोड्याच्या पाठीवर ठेवून पाहा. फट दिसली तर कात्रीने नीट करा. हे चार पुठ्ठे हाती आले की घोडा सोबत नसतानाही खोगीर तपासता येतं. मी ते एका पिशवीत घालून कानपूरला घेऊन गेले होते.

आणखी एक माप आताच घेऊन टाका, वजनाचं. छातीचा घेर कोपराच्या मागून सेंटिमीटरमध्ये मोजा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या टोकापर्यंतची लांबीही मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880, हे घोड्याचं किलोमधलं अंदाजे वजन. माझ्या घोडीचा घेर 160 आणि लांबी 145, म्हणजे साधारण 312 किलो. स्वार, खोगीर, नमदा (खोगिराखाली घालायचं जाड आच्छादन) सगळं मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नसावं असा संकेत आहे, म्हणजे तिच्यासाठी 62 किलो. मी 54 आणि सामान सात, अगदी काठावर. म्हणून मी जड चामड्याच्या खोगिराचा नाद सोडला आणि मेच्या उन्हात तिच्यावर बसणंही सोडलं.

कुठे शोधायचं

युरोपातून आलेलं चामड्याचं खोगीर नव्याने घ्यायचं तर किंमत लाखाच्या पुढे जाते. त्या वाटेला जायची गरज नाही. आपल्याकडे कानपूर आहे. 1860च्या दशकात इंग्रजांनी फौजेच्या घोड्यांसाठी तिथे खोगिरांचा कारखाना उभा केला, त्यातून कारागिरांच्या पिढ्या तयार झाल्या. आज कानपुरी खोगिराला भौगोलिक मानांकन आहे आणि तिथला माल परदेशात जातो. नागपूरहून कानपूरला थेट गाड्या आहेत. पुठ्ठे घेऊन गेलात तर त्या मापाचा सांगाडा आहे का हे समोरच पाहता येतं, आणि काही कारागीर पुठ्ठ्यावरून बनवूनही देतात. फोनवर "मीडियम पाठवा" म्हणू नका. एका कारखान्याचं मीडियम दुसऱ्याचं नॅरो असतं.

सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो आणि साजाची दुकानंही लागतात. लगाम, तंग (पोटाखालून आवळायचा पट्टा), दुमची (शेपटीखालून जाणारा पट्टा), पेशबंद (छातीवरचा पट्टा) तिथे चांगले मिळतात. खोगिरं मात्र बहुतेक मिरवणुकीची असतात, कलाबूत आणि आरसे लावलेली. ती वरातीत दहा मिनिटं ठीक, रोजच्या रपेटीला नाही.

अवघड पाठीच्या घोड्यासाठी माझा कौल जुन्या, पण कमान बदलता येणाऱ्या सिंथेटिक खोगिराला. विंटेकसारख्या खोगिरांत पुढची लोखंडी कमान स्क्रू काढून बदलता येते. अरुंदपासून अतिरुंदपर्यंत मापं असतात आणि प्रत्येकाचा रंग वेगळा, पिवळी सगळ्यात अरुंद, काळी मध्यम, लाल रुंद. घोडा भरला की कमान बदलायची, खोगीर तेच. वजनाला हलकं, आणि नागपूरच्या पावसाळ्यात चामड्याला जी हिरवी बुरशी चढते तिचा त्रास नाही. चामड्याची शान त्याला नाही हे खरं, पण घोडीला ती शान दिसत नाही.

जुनं खोगीर हातात आल्यावर

खोगीर उलटं करून मांडीवर घ्या. मागची कड पोटाशी टेकवा आणि पुढची कमान दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढा. थोडी लवचीकता असेल, पण बैठकीला मधोमध घडी पडली किंवा करकर आवाज आला तर सांगाडा तुटलेला आहे. कमानीचे दोन्ही पाय आतल्या बाजूला दाबून पाहा, ते हलता कामा नयेत. तुटलेल्या सांगाड्याचं खोगीर फुकट मिळालं तरी घेऊ नका. ते दुरुस्त करण्याचा खर्च बहुधा खोगिराच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

मग मागून पाहा. पाठीवर टेकणाऱ्या खालच्या दोन्ही गाद्या सारख्या जाड आहेत का? मधली खाच सरळ जाते का? खाच पूर्ण लांबीभर तीन ते चार बोटं रुंद हवी, म्हणजे कण्याला काहीच लागत नाही. गाद्यांवरून तळहात फिरवा. आत लोकरीच्या गाठी झाल्या असतील तर हाताला खडे लागल्यासारखं वाटतं. तंगाच्या पट्ट्यांची शिवण आणि रिकिबी अडकवायचे लोखंडी आकडे ओढून पाहा. शिवण उसवली असेल तर मोच्याकडे काम होतं, आकडा हलत असेल तर नको.

आता पहिला पुठ्ठा कमानीच्या आत धरा. कमानीचे पाय पुठ्ठ्याला समांतर उतरायला हवेत. वर टेकून खाली फट राहिली तर खोगीर रुंद, खालची टोकं पुठ्ठ्यात रुतली तर अरुंद.

थोडं रुंद असेल तर चालवून घेता येतं. अरुंद कधीच घेऊ नका.

हे मला घोड्यांची निगा राखणाऱ्या एका मोतद्दारकाकांनी शिकवलं. माझं ते पहिलं खोगीर चिमटतं आहे असं वाटल्यावर मी त्याच्याखाली जाड नमदा घातला, मग आणखी एक. काकांनी तंग न आवळता खोगीर घोडीवर ठेवलं, माझा हात धरला आणि गादीखाली पुढून सरकवला. बोटं अडकली. तसाच हात मागे नेला तर मधे एकदम मोकळा झाला, तळहात आरामात फिरत होता, आणि शेवटी पुन्हा अडकला. "पाहा ताई," ते म्हणाले, "हे बसत नाही जी, टेकून राह्यते. दोन जागी टेकते अन् मधात पोकळ. तुमी वरून कितीही भरा, अरुंद ते अरुंदच." घट्ट ब्लाउजला आतून आणखी एक अस्तर लावावं तसं मी करत होते. वर्षभर तिने ते सोसलं, आणि तो पांढरा ठिपका तेव्हाचाच आहे.

घोड्यावर ठेवून पाहणी

विकणाऱ्याला बयाणा द्या आणि दोन-तीन दिवस वापरून परत करायची मुभा आधीच ठरवून घ्या. नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. हा एक नियम पाळला असता तर माझे पहिल्या खोगिराचे पैसे वाचले असते.

पहिल्यांदा नमद्याशिवाय ठेवा. विदर्सच्या जरा पुढे ठेवून मागे सरकवा, म्हणजे केस सरळ राहतात आणि ते आपल्या जागी येऊन थांबतं. विदर्स आणि कमान यांच्यात दोन-तीन उभी बोटं जायला हवीत. चार-पाच जात असतील तर खुश होऊ नका, बहुधा खोगीर अरुंद असल्यामुळे वर बसलं आहे. बाजूने पाहा, बैठकीचा सगळ्यात खोल भाग मधोमध यायला हवा. तो मागे गेला असेल तर तुमचं सगळं वजन घोड्याच्या कमरेवर पडेल. गादीखाली हात घाला, काकांनी माझा घातला तसा, आणि दाब पुढून मागे सारखा लागतो का ते पाहा. मग पुढे-मागे हलवून डुलतं का बघा.

यानंतर तंग आवळा, कोणाला तरी बसवा आणि विदर्सवरची बोटं पुन्हा मोजा. वजनाने खोगीर खाली येतं. स्वारासकट दोन बोटांपेक्षा कमी जागा उरली तर ते नको.

शेवटची परीक्षा सुताच्या पांढऱ्या कापडाची. जुनं धोतर किंवा चादर दुहेरी करून खोगिराखाली घाला आणि अर्धा तास चालवा, थोडं दुडकीवरही न्या. कापड काढल्यावर मळ आणि घाम दोन्ही बाजूंना सारखा उमटला असेल तर ठीक. एखादीच जागा काळी आणि गच्च, किंवा मधे कोरा पट्टा आणि दोन टोकांना डाग, असं असेल तर उत्तर मिळालं. घोड्याच्या पाठीवरही पाहा. सगळीकडे घाम आणि मधेच कोरडा ठिपका दिसला तर तिथे एक तर जबर दाब आहे किंवा खोगीर लागतच नाही. केस चपटे घासलेले असतील तर दाब, उभे आणि मोकळे असतील तर पोकळी. एप्रिल-मेमध्ये हे सकाळी सहाच्या आत करा आणि खोगीर उतरवताच पाहा, आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम पाच मिनिटांत वाळतो.

उरलेली फट भरणं

आपण बोलताना निरुपयोगी भरण्याला खोगीरभरती म्हणतो. खऱ्या खोगिरात मात्र भरती ही फार मोलाची असते आणि परवडणारं खोगीर अवघड पाठीला बसवायची किल्ली तिथेच आहे. थोडं रुंद खोगीर घ्या, मग फरक भरा.

उंच विदर्स आणि मागे खळगे असतील तर नमद्याच्या खिशात पुढच्या बाजूला दोन पातळ पट्ट्या घाला, फेल्टच्या किंवा दाट फोमच्या. हा नमदा शब्द आपल्याकडूनच इंग्रजी घोडेस्वारांच्या भाषेत गेला आहे. खचलेल्या पाठीला पट्टी मधे लागते. एक खांदा मोठा असेल तर खोगीर मोठ्या खांद्याच्या मापाचं घ्यायचं आणि पट्टी फक्त लहान बाजूला. गोल टट्टूला तंग करकचून आवळू नका, त्याचा श्वास कोंडतो आणि खोगीर तरी फिरतंच. त्याला रुंद, सपाट सांगाडा हवा, आणि उतारावर पुढे सरकत असेल तर दुमची.

गाद्यांतली लोकर गोळा झाली असेल तर ती उपसून नव्याने भरून घेता येते. इतवारीकडच्या एका जुन्या कारागिराने माझ्या खोगिराच्या गाद्या पिंजलेल्या शुद्ध लोकरीने भरून दिल्या, बाराशे रुपयांत. त्याने त्याआधी फक्त वरातीच्या घोड्यांचा साज केला होता. मी पुठ्ठे घेऊन बाजूला बसले आणि प्रत्येक मुठीनंतर माप लावून पाहिलं. कापूस किंवा कापडाच्या चिंध्या भरू देऊ नका, महिन्याभरात त्यांचे गोळे होतात.

बिनसांगाड्याचं खोगीर स्वस्त आणि सोपं वाटतं, पण उंच विदर्सच्या घोड्याला मी ते सुचवणार नाही. वजन पसरवायला सांगाडा नसतो आणि रिकिबींचा ताण दोनच पट्ट्यांत पाठीवर येतो.

खोगीर बसलं म्हणजे काम संपलं असं नाही. पावसाळ्यात हिरव्या चाऱ्यावर घोडा भरतो, उन्हाळ्यात उतरतो, काम वाढलं की पाठीचे स्नायू बदलतात. दर सहा महिन्यांनी मापाची रबरी पट्टी पुन्हा लावा. मी एक माप दसऱ्याला घेते. घोडीच्या साजाची पूजा त्या दिवशी होतेच, तेव्हा पुठ्ठाही तिथेच कापते आणि त्यावर वर्ष लिहिते. मागच्या दसऱ्याचा पुठ्ठा यंदाच्यावर ठेवला तर डाव्या खांद्यामागे बोटभर फरक निघाला. खळगा भरत आला होता. त्या दिवशी तिच्या नमद्यातली डावी पट्टी मी काढून ठेवली.